पावतीवरचा श्री

मी कमी बोलते म्हणून लोक मला साधी समजतात. ऑफिसात तर 'मुलगी चांगली आहे' यावर एकमत होतं. चांगली म्हणजे मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, डबा वेळेवर खाते आणि टीम लीड जे सांगतील ते वहीत लिहून घेते. त्या वहीत मी खरं काय लिहायचे ते कुणी उघडून बघितलं असतं, तर ते एकमत दुपारपर्यंतही टिकलं नसतं.

ऑफिस महात्मानगरला, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर आम्ही अकरा जण सॉफ्टवेअर करायचो. द्राक्षांची पॅकहाउसं, कोल्ड स्टोरेज, कांद्याचे व्यापारी ही आमची गिऱ्हाइकं. टीम लीडना सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. दहा वर्षं ते या धंद्यात होते आणि दहा वर्षांत त्यांना एकच निदान करता येऊ लागलं होतं: युजर इश्यू. प्रिंट निघत नाही, युजर इश्यू. बेरीज चुकली, युजर इश्यू. खालच्या डॉक्टरीणबाई निदान पेशंटला तोंड उघडायला तरी सांगत असतील. सरांना तेवढीही गरज वाटायची नाही.

फेब्रुवारीत, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना, पिंपळगावच्या एका पॅकहाउसमधून तक्रार आली. तिथं गेटला एक खिडकी आहे. शेतकऱ्याचा टेम्पो आला की खिडकीतली बाई त्याचं आडनाव टाइप करते, कॉम्प्युटर त्याची नोंद शोधून देतो, पावती निघते आणि टेम्पो वजनकाट्याकडे जातो. आता ही नोंद सापडायलाच इतका वेळ लागत होता की टेम्पोंची रांग सर्व्हिस रोडपर्यंत गेली होती आणि माल उन्हात तापत होता. फोन पॅकहाउसच्या मॅनेजरचा होता. मॅनेजर म्हणजे मालकांचे जावई. सरांनी फोन स्पीकरवर टाकला, आम्ही काही तरी शिकावं म्हणून.

"तुमचं सॉफ्टवेअर झोपा काढतंय हो," जावई म्हणाले.

"साहेब, सॉफ्टवेअर तेच आहे जे पहिल्या वर्षी पळत होतं. मग बदललं काय? खिडकीवर कोण बसतं तुमच्याकडे?"

"बाई आहे एक. जुनी."

"वय?"

"असेल पंचेचाळीस."

"मग बघा," सर म्हणाले, आणि आमच्याकडे बघून त्यांनी एक भुवई वर केली.

निदान झालं. पुढची दहा मिनिटं उपचारांवर गेली. जावयांना बाई काढून तिथं आपल्या ओळखीचा माणूस बसवायचा होता, हे ते न सांगताही कळत होतं. अडचण सासऱ्यांची होती. मालक बाईला असं उगाच काढू देणार नव्हते. पॅकहाउसवर पत्रे चढायच्या आधीपासून ती तिथं होती. "त्यांना कागद लागतो," जावई म्हणाले. "कागदावर दिसलं की बोलत नाहीत."

कागद आणायचं काम माझ्याकडे आलं. "तू जा. लेडीज असली की ती मोकळेपणानं काम करेल," सर म्हणाले. "स्टॉपवॉच घेऊन शेजारी बस. एका नावाला किती वेळ लागतो ते लिहून आण. तीस-चाळीस नोंदी बास."

मी वहीत लिहिलं: स्टॉपवॉच. मलाही ते पटलं होतं, हे इथं सांगायला हवं. पंचेचाळीस वर्षांची बाई, पिंपळगाव, मराठी कीबोर्ड. मी न बघताच तिला एका बोटानं अक्षर शोधणारी ठरवून टाकलं होतं. त्या बाबतीत सरांमध्ये आणि माझ्यात फरक इतकाच होता की मी ते मोठ्यानं बोलले नव्हते.

द्वारका चौकातून सकाळची बस पकडून मी गेले. खिडकीमागची खोली म्हणजे पत्र्याचं खोकं होतं. बाई साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालून बसली होती. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"बसा मॅडम," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघितलं. "घड्याळ आणलंय. माझी शर्यत लावायची हाय का?"

"नाही, सिस्टिम चेक करायचीय."

"करा की. ती जागी झाली की सांगते तुम्हाला."

खोटं बोलताना माझे कान लाल होतात. तिनं ते बघितलं असणार, पण खिडकीशी टेम्पोवाला आला होता. तिनं त्याच्या तोंडाकडे बघत, कीबोर्डकडे न बघता आडनाव टाइप केलं. चार सेकंद. मग स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"ओ आक्का, माझं नाव दिल्लीहून येतंय का?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"दिल्लीहून असतं तर कवाच आलं असतं. ह्या मागच्या खोलीतून यायचंय, म्हणून उशीर."

"चालत येतंय वाटतं."

"चालत नाय, लोटांगण घालत. तोवर सांगा, क्रेट किती?"

"एकोणऐंशी."

"मॅडम, तेवढं त्या वहीत लिहा बरं, एकोणऐंशी."

मी लिहिलं. तिनं वही ओढून बघितली. "हे एकोणसत्तर झालं. इंग्लिश मीडियम का?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली, आणि आकडा खोडून वर स्वच्छ ७९ लिहिला. टेम्पोवाला मोकळेपणानं हसला. तेवढ्यात नाव आलं. मी घड्याळ थांबवलं. एक्केचाळीस सेकंद.

त्या एक्केचाळीस सेकंदांत तिनं क्रेट विचारले होते, माल कुठल्या बागेतला ते विचारलं होतं, आधीच्या पावतीला टाचणी मारली होती आणि माझं मराठीही दुरुस्त केलं होतं. नाव आल्यावर तिला करायला काही उरलंच नव्हतं. बटण दाबलं, पावती फाडली, हातात दिली.

मी कागदावर मधोमध एक रेघ मारली. डाव्या खान्यावर 'बाई' लिहिलं, उजव्यावर 'मशीन'. दुपारपर्यंत चौतीस नोंदी झाल्या. डावीकडे एकही आकडा सहाच्या वर गेला नाही. उजवीकडे एकही अडतीसच्या खाली आला नाही.

एकच नोंद वेगळी होती. साडेअकराच्या सुमारास जावई स्वतः आले, बाईच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी एंटर तीन-चारदा दाबला आणि मला म्हणाले, "असं दाबत राहायला लागतं, मॅडम. ह्यांना सांगून सांगून थकलो." प्रत्येक दाबण्यागणिक मागं चालू असलेल्या शोधाच्या डोक्यावर आणखी एक नवा शोध बसत होता. त्या टेम्पोला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. तोवर जावई निघून गेलेले होते. त्यांनी आपल्या कर्तृत्वाचा निकाल कधी बघितलाच नाही. मला वाटतं, अशा माणसांचा आत्मविश्वास असाच टिकतो.

मागच्या खोलीत सर्व्हर होता. तो सरांच्या सल्ल्यानं दसऱ्याला नवीन घेतलेला. त्याच्या पूजेचा फोटो आमच्या ऑफिसातही लावलेला आहे: सर, जावई, नारळ. झेंडूची माळ वाळून अजून कपाटाला लटकत होती आणि कुंकवाचं स्वस्तिक नेमकं हवा आत जायच्या जाळीवर काढलेलं होतं. नव्या सर्व्हरनं नाव यायचा वेळ सात सेकंदांनी कमी झाला होता. सात सेकंदांवर ऑफिसात पेढे वाटले गेले होते. मीही एक खाल्ला होता.

जेवायच्या सुट्टीत बाईनं मला डब्यातलं घ्या म्हटलं. मी नको म्हणाले आणि सँडविच घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. लोकांसमोर जेवायला मला आवडत नाही. तिथं थंड खोलीत जायच्या वाटेवर क्रेटच्या थप्प्या लागलेल्या होत्या. प्रत्येक क्रेटच्या आतल्या बाजूला शेतकऱ्याच्या नावाचं छापील लेबल खोचलेलं, क्रेटच्या काठावर त्याची फक्त पहिली ओळ दिसत होती. आणि त्या पहिल्या ओळीत, ठसठशीत अक्षरांत, सगळीकडे एकच शब्द होता. श्री. श्री. श्री. एका थप्पीत बारा श्री. खालच्या ओळीतलं नाव काठामागं दडलेलं.

दोन बायका एका शेतकऱ्याचा माल वेगळा काढत होत्या. एक क्रेट अर्धा बाहेर ओढायचा, लेबल वाकवून नाव वाचायचं, पुन्हा आत ढकलायचा. मग पुढचा. बारा थप्प्या, प्रत्येकीत बारा. मी सँडविच हातात धरून बघत राहिले, आणि मला एकदम कळलं की मी डेटाबेस बघते आहे.

सुट्टी संपायच्या आत लॅपटॉप जोडून मी टेबल उघडलं. तसंच होतं. नाव ज्या कॉलममध्ये ठेवलं होतं, त्यात जवळजवळ प्रत्येक नावाची सुरुवात 'श्री.'नं होत होती. काही थोड्यांची 'सौ.'नं, काहींची 'कै.'नं. सरांनी त्या कॉलमवर इंडेक्स लावला होता. इंडेक्स म्हणजे अक्षरवार लावून ठेवलेली यादी. आडनाव 'ब'नं सुरू होत असेल तर मशीननं थेट 'ब'पाशी जायचं, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. पण इथं सगळं गावच 'श्री'पाशी जमा झालं होतं. बाई तर नुसतं आडनाव टाइप करायची. म्हणून सरांनी शोध असा लिहिला होता: हे आडनाव ओळीत कुठंही असेल, सुरुवातीला, मध्ये, शेवटी, शोधून काढ. अशा शोधाला इंडेक्सचा काडीचा उपयोग नसतो. मशीनला प्रत्येक ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. त्यात सरांनी भर घातली होती. शोध शेतकऱ्यांच्या यादीत होतच नव्हता. आजवरच्या सगळ्या हंगामांत आलेल्या प्रत्येक क्रेटच्या नोंदीवर ते पूर्ण नाव पुन्हा लिहिलेलं होतं, आणि शोध तिथं व्हायचा. दर वर्षी नवे क्रेट, नव्या ओळी. पहिल्या वर्षी ते पळत होतं, हे सर खरंच बोलले होते.

थोडक्यात, मशीन एकेक क्रेट ओढून बघत होतं, आणि लोक बाईवर घड्याळ लावत होते.

मी बाहेर चिंचेच्या झाडाखाली जाऊन सरांना फोन केला. फोनवर मी जरा बरी बोलते.

"सर, नावातला श्री वेगळ्या कॉलममध्ये काढायला हवा. आणि शोध फक्त शेतकऱ्यांच्या यादीत, आडनावाच्या सुरुवातीपासून करायचा. एका दुपारचं काम आहे. कागदावर मी दोन कॉलम केलेत, त्यात दिसतंच."

"माहितीय मला," सर म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अगं, पहिला डेमो दिला तेव्हा पावतीवर नुसतं नाव छापलेलं. तात्यांनी पावती परत सरकवली." मालकांना सगळे तात्या म्हणत. "म्हणाले, माझ्या शेतकऱ्याला असं एकेरीत हाक मारतं का तुमचं मशीन? मी तिथंच बसून पाच मिनिटांत सगळ्या नावांच्या पुढे श्री चिकटवला. ऑर्डर मिळाली. याला म्हणतात क्लायंट हँडलिंग."

"मग आता वेगळा करू या ना."

"आणि तात्यांना काय सांगणार? तीन वर्षांपूर्वीच्या तुमच्या श्रीमुळे रांग लागतेय? तू सांगशील?" ते हसले. माझ्या गप्प राहण्याची त्यांना सवय होती, त्यावर त्यांचा भरवसा होता. "तू एक कर. कागदावर दोन कॉलम केलेत म्हणालीस ना, ते नको. एकच ठेव. टोटल. उद्या मी येतोय तिकडे."

टोटल म्हणजे बाईचे पाच आणि मशीनचे एक्केचाळीस, दोन्ही बाईच्या नावावर.

मी तो कागद केला. असं लिहिताना मला आता लाज वाटते, पण त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून मी चौतीस बेरजा केल्या आणि स्वच्छ अक्षरात एका खाली एक लिहून काढल्या. सरांबद्दल मनात जे जे म्हणत होते त्यातला एकही शब्द त्या बेरजांच्या आड आला नाही. मनातल्या मनात तुच्छ लेखणं फार सोपं असतं. त्यानं हात थांबत नाही. मूळचा दोन खान्यांचा कागद मी फाडला नाही, इतकंच. तो पर्समध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. मालक सत्तरीचे, पांढरी टोपी, समोर स्टीलच्या वाटीत थॉमसन द्राक्षांचे मणी. शेजारी जावई, समोर सर. मी दाराजवळच्या खुर्चीवर, जिथं फाइली ठेवतात. बाईला बोलावून घेतलं. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. खिडकीवर तेवढ्यापुरता वॉचमन बसवला होता आणि बाहेर हॉर्न चालू झाले होते.

सरांनी माझा कागद मालकांपुढे ठेवला. "तात्या, हे आमच्या इंजिनियरनं स्वतः बसून मोजलंय."

मालकांनी चष्मा लावून कागद वरून खाली वाचला. "पंचेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस." त्यांनी मान वर केली. "काय गं, एका नावाला एवढा वेळ लागतो तुला?"

"मला नाय लागत, तात्या," बाई म्हणाली. "त्याला लागतो."

"नाचता येईना अंगण वाकडं," जावई म्हणाले आणि सरांकडे बघून हसले. सरही हसले. सासऱ्यासमोर म्हण सुचली म्हणून जावयाला झालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"बावीस वर्षं झाली हिला इथं," मालक म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग पुन्हा कागदाकडे बघितलं. कागदावर दिसलं की ते बोलत नाहीत, हे जावयांनी बरोबर सांगितलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली. घडी घातली म्हणजे ठरलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. बाईलाही कळलं असावं. तिनं गळ्यातला चष्मा काढून हातात घेतला, जणू जागा रिकामी करायला तिथूनच सुरुवात करायची होती.

मी पर्स उघडली. बोलायचं नाही, फक्त कागद पुढं करायचा, असं ठरवलं होतं. उठून मी तो टेबलावर मालकांपुढे सरकवला आणि परत जागेवर जायला वळले.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"त्यात दोन खाने आहेत. बाईंचा वेळ वेगळा, मशीनचा वेगळा."

"मोठ्यानं बोल पोरी. पंपाच्या आवाजानं कान गेलेत माझे."

"बाईंना पाच सेकंद लागतात. बाकीचे मशीनला."

"आं?"

जावई म्हणाले, "तात्या, त्या म्हणतायत की—"

"तिला बोलू दे. काय, पोरी?"

आयुष्यात मी वर्गातसुद्धा 'प्रेझेंट' हळू म्हणायचे. तिथं, टेबलाच्या काठाला धरून, मी ओरडले: "मशीन तुमच्या श्रीमुळे थांबतंय!"

शेडमधून कुणी तरी डोकावून गेलं. सर छताकडे बघत होते. पंखा बंद होता, तरी ते त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत होते.

ओरडायला एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. क्रेटच्या लेबलांचं सांगितलं. काठावर फक्त श्री दिसतो, नाव दिसत नाही, बायका एकेक क्रेट ओढून बघतात, मशीनही तेच करतं. हे सगळं मी एखादी बस थांबवावी तशा आवाजात सांगितलं.

मालकांनी वाटीतला एक मणी उचलला, खाल्ला नाही. "श्री काढून टाकायचा म्हणतेस?"

"शेजारच्या खान्यात ठेवायचा. छापताना पुढं लागेल."

"पावतीवर दिसेल?"

"दिसेल."

"लेबलावर?"

"लेबलावर नाव वर घेऊ, त्याच ओळीत. दिसेल."

"मग एवढे दिवस का नाही केलं?"

जावयांनी सरांकडे बघितलं. मग सरांनी घसा साफ केला. "तात्या, आम्ही ते फेज टूमध्ये घेतलेलंच होतं."

फेज टू. तीन वर्षं ते शब्द ऑफिसात कुणी उच्चारले नव्हते. एखादा माणूस खोटं बोलताना निदान घाम तरी यावा, अशी माझी अपेक्षा होती. सरांनी उलट पेन काढलं आणि माझ्याच कागदावर 'फेज २' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

"आजच करा," मालक म्हणाले. मग उंबऱ्याकडे बघून, "तू जा गं, तो वॉचमन काय गोंधळ घालून ठेवतोय बघ." बाईनं चष्मा पुन्हा गळ्यात अडकवला आणि गेली. जावयांनी मोबाइल काढून त्यात काही तरी महत्त्वाचं वाचायला घेतलं.

काम दुपारी झालं. श्री, सौ, कै यांच्यासाठी वेगळा कॉलम, त्यात यादीतून एक निवडायचं, रिकामं सोडता येणार नाही. आडनाव वेगळं, त्यावर इंडेक्स. शोध फक्त शेतकऱ्यांच्या यादीत, आडनावाच्या पहिल्या अक्षरापासून. जेवायच्या सुट्टीनंतर पहिला टेम्पो आला. बाईनं आडनाव टाइप केलं, एंटर दाबला आणि सवयीनं विचारलं, "क्रेट किती?" त्या माणसानं उत्तर द्यायच्या आत नाव स्क्रीनवर आलेलं होतं. तिनं सगळं खोडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा आलं.

"आज घड्याळ नाय आणलं?" तिनं मला विचारलं.

"ऑफिसात आहे."

"आणायचं की. आज माझा नंबर आला असता." पावती फाडून तिनं टेम्पोवाल्याला दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो पहिला कागद तुमच्याच हातचा होता ना?"

"हो."

"आकडे इंग्रजी होते. तरी म्हटलं." आणि पुढच्या माणसाचं आडनाव टाइप केलं.

मी लॅपटॉपची वायर गुंडाळली.

पुढच्या आठवड्यात सरांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मेल पाठवला की आमच्या टीमनं आता अत्याधुनिक वेगवान शोधप्रणाली विकसित केली आहे. खाली त्यांचं नाव होतं. बाकीच्या चार पॅकहाउसांत श्री अजून नावालाच चिकटलेला होता. तिथल्या मालकांनी विचारलं नव्हतं, म्हणून सरांनी काढला नव्हता. मी ते वहीत लिहिलं. मग, पहिल्यांदाच, वहीतून फाडून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. सरांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, हो, घेऊ." चारही मीच केली. त्यांनी ती फेज थ्री म्हणून खपवली असणार. मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये हंगाम संपत आलेला असताना प्रिंटरच्या कामासाठी मी पुन्हा पिंपळगावला गेले. आता गेटमधून आत जायला पाहुण्यांनाही पावती लागत होती. जावयांचा नियम. कॉम्प्युटर वेगवान झालाय तर तो रिकामा का ठेवायचा, असा त्यामागचा विचार. त्याच विचारानं क्रेटची मोजणीही त्यांनी बाईकडेच दिली होती. खिडकीत आता दोन वह्या होत्या आणि बाईच्या कानामागं पेन खोचलेलं होतं.

"बरं चाललंय ना?" मी विचारलं.

"चालतंय की. आधी नाव येईस्तोवर माणसाशी दोन शब्द बोलायला मिळायचे. आता क्रेट मोजायला मिळतात." तिनं माझं नाव आडनावापासून टाइप केलं, न विचारता. लक्षात होतं. मग थांबली. "तुमच्या पुढं काय लावू? हितं श्री हाय, सौ हाय, कै हाय."

मी वाकून बघितलं. यादी मीच केली होती. शेतकऱ्यांची, म्हणून तेवढीच. लग्न न झालेली बाई त्या गेटमधून आत येईल, हे मला सुचलंच नव्हतं.

"काही नको. रिकामं सोडा."

"रिकामं सोडलं तर पावती निघत नाय. तुम्हीच केलंय तसं."

मागं टेम्पोनं हॉर्न दिला. "मग सौ?" मी म्हणाले.

"खोटं कशाला लिहायचं कागदावर?" ती म्हणाली. चष्म्यावरून तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, बटण दाबलं, आणि पावती फाडून खिडकीतून पुढं केली. माझ्या नावापुढं श्री होता.

"घ्या," ती म्हणाली. "आता सरका पुढं. मागं माल तापतोय."